काळेभोर डोळे आणि पोटाची सोनोग्राफी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लहान मुलाच्या डोळ्यांचं कौतुक करायचं म्हटलं की आपल्या तोंडी 'काळेभोर' हा शब्द आधी येतो. आमच्या घरच्या दखनीत बायका 'काली काली आंखां' म्हणून बोटं मोडतात. कवींचं तर या शब्दावाचून चालतच नाही. पण आज मी ज्या डोळ्यांविषयी बोलणार आहे, ते काळेभोर दिसतात याचं कारण वेगळं आहे. त्यांच्यातला एक भाग जन्मतःच घडलेला नसतो. या दोषाला वैद्यकात 'अ‍ॅनिरिडिया' म्हणतात. मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. झालेला माणूस. माझ्या भाचीच्या मुलीला हा दोष आहे. त्या निमित्तानं डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

शाळेत आपण डोळ्याची आकृती काढली होती, ती आठवा. समोर काचेसारखं पारपटल. त्याच्या मागे तपकिरी, घाऱ्या किंवा निळ्या रंगाचा गोल पडदा, म्हणजे परितारिका. तिच्या मधोमध बाहुली. गंमत अशी की बाहुली ही वस्तूच नाही, ते एक भोक आहे. परितारिकेत दोन प्रकारचे स्नायू असतात. उन्हात आलो की एक स्नायू भोक आवळतो, अंधारात गेलो की दुसरा ते ताणून मोठं करतो. ही बाहुली लहानात लहान सुमारे २ मिलिमीटर आणि मोठ्यात मोठी ८ मिलिमीटरपर्यंत होते. आत किती उजेड सोडायचा, हे असं ठरतं.

अ‍ॅनिरिडियात हा पडदा जवळजवळ नसतो. कडेला झालरीसारखा थोडासा उरलेला असतो. त्यामुळे डोळ्याचा रंगीत भाग दिसत नाही, सगळीच बाहुली दिसते. साधारण ४० हजार ते १ लाख जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो. कोलोबोमा नावाचा दोष याहून वेगळा. त्यात पडद्याला खालच्या बाजूला खाच राहते आणि बाहुली कुलपाच्या भोकासारखी दिसते.

आमच्या घरी पहिले काही आठवडे सगळे त्या डोळ्यांवर खूश होते. मग भाचीच्याच लक्षात आलं की पोर उन्हात नेली की खांद्यात तोंड खुपसते. डोळे एका जागी ठरत नाहीत, झोक्यासारखे हलत राहतात. नेत्रतज्ज्ञांनी निदान सांगितलं आणि घरात दुसरंच सुरू झालं. कुणी म्हणालं, ग्रहणात हिनं सुरी हातात घेतली असेल. कुणी म्हणालं, नात्यात लग्न केलं त्याचं हे फळ. भाची मला म्हणाली, "मामू, मेरी क्या गलती?"

या प्रश्नाचं उत्तर विज्ञानानं स्वच्छ दिलेलं आहे. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर 'पॅक्स-६' नावाचं जनुक असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. गर्भात डोळा घडवण्याच्या कामाचं हे जनुक मुकादम आहे. त्याची एक प्रत बिघडली की उरलेल्या प्रतीचं काम अपुरं पडतं आणि डोळा अर्धवट घडतो. सुमारे दोन तृतीयांश मुलांत हा बिघाड आई किंवा वडिलांकडून येतो. अशा पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उरलेल्या एक तृतीयांश मुलांत तो नव्यानंच होतो. अक्षरं जुळवताना एखादा खिळा चुकीचा बसावा, तसा. त्याचा ग्रहणाशी संबंध नाही, सुरीशी नाही. नात्यातल्या लग्नामुळे काही आजारांचा धोका वाढतो, हे खरं आहे. ते आजार दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतात. इथे एकच प्रत बिघडलेली पुरते, म्हणून तो ठपकाही लागू होत नाही.

हे जनुक किती जुनं आहे, हे कळल्यावर मी थक्क झालो. माणसात ते १९९१ साली ओळखलं गेलं. फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांतही त्याचंच भावंड आहे, हे १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात वॉल्टर गेहरिंग यांच्या गटानं दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते जनुक चिलटाच्या पायावर आणि पंखावर जागं केलं, तर तिथे डोळे उगवले. उंदराचं जनुक घातलं तरी उगवले, आणि तेही चिलटाचेच डोळे. चिलट, उंदीर आणि माणूस यांच्या डोळ्यांची बाराखडी एकाच अक्षरापासून सुरू होते. एवढ्या जुन्या मजकुरात कधी एखादं अक्षर निसटलं, तर त्यासाठी एका आईला आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करायचं?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठी लिहून दिली ती पोटाच्या सोनोग्राफीची. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "दुखणं डोळ्याचं आणि तपासणी पोटाची?" प्रश्न रास्त होता.

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी तपासल्या. ही लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी कर्करोगाची गाठ. त्या ४४० मुलांत ६ जणांच्या डोळ्यांत परितारिका नव्हती. हजारोंत एखाद्याला होणारा दोष इतक्या थोड्या मुलांत सहा वेळा दिसावा, हा योगायोग नव्हता. कारण पुढे कळलं. पॅक्स-६ च्या शेजारीच मूत्रपिंडाची राखण करणारं आणखी एक जनुक राहतं. कधी कधी गुणसूत्राचा तो सगळा तुकडाच गळून पडतो. अशा वेळी डोळ्याबरोबर मूत्रपिंडही धोक्यात येतं, आणि सुमारे निम्म्या मुलांत ही गाठ होते. वेळेवर सापडली तर उपचारांनी बहुतेक मुलं बरी होतात. उशीर झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं.

म्हणून घराण्यात कुणाला नसताना बाळाला अ‍ॅनिरिडिया निघाला, तर जनुकीय तपासणी करून घ्यावी. तिचा निकाल येईपर्यंत, आणि तुकडा गळालेला निघाला तर साधारण आठव्या वर्षापर्यंत, दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. आमच्या पोरीचं शेजारचं जनुक शाबूत निघालं, तेव्हा सोनोग्राफी थांबली. तो अहवाल आला त्या दिवशी सासूबाईंनीच मोहल्ल्यात मिठाई वाटली.

उपचारांचं काय? खरं सांगायचं तर हा दोष बरा करणारं औषध नाही. मात्र आहे ती नजर राखणं पुष्कळ अंशी आपल्या हातात असतं. 'पडदा नाही' एवढंच हे दुखणं नसतं. डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर बारीक अक्षर वाचणारा जो बिंदू असतो, तोही नीट घडलेला नसतो. म्हणून चष्मा लावूनही नजर पूर्ण होत नाही, आणि डोळे हलतात तेही बहुतांशी त्यामुळेच. पुढे तीन शत्रू असतात. पहिला काचबिंदू. तो निम्म्याच्या आसपास लोकांना होतो आणि दुखवल्याशिवाय नजर खातो. म्हणून डोळ्यातला दाब आयुष्यभर तपासत राहावा लागतो. वाढला तर आधी थेंब, मग शस्त्रक्रिया. दुसरा मोतीबिंदू. तो काढता येतो, पण या डोळ्यांत भिंग धरून ठेवणारे धागे कमकुवत असतात, म्हणून अनुभवी हातच हवा. तिसरा पारपटलाचा. त्याच्या कडेला पृष्ठभाग नवा करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्या इथे कमी पडतात आणि काच हळूहळू धुरकट होते. नुसतं नेत्ररोपण केलं तर तेही टिकत नाही, आधी या पेशींची सोय करावी लागते.

कृत्रिम परितारिकाही निघाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये एका प्रकाराला मान्यता दिली. तिनं डोळे दिपणं कमी होऊ शकतं, पण न घडलेला बिंदू तयार होत नाही, आणि ती बसवण्यात धोकेही असतात. म्हणून नाजूक डोळ्यावर ती घाईनं बसवून घेऊ नये, असं तज्ज्ञ सांगतात.

बाकी उपाय साधे आहेत. गडद काचेचा चष्मा, कडा असलेली टोपी, डोळे ओले ठेवणारे थेंब. वाचायला मोठा टाइप, भिंग, आणि लांबचं बघायला छोटी दुर्बीण. आमच्या पोरीच्या शाळेतल्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवलं. तेवढ्यानं तिला फळा दिसू लागला. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही मोजली जाते. ठरलेल्या मर्यादेतलं प्रमाणपत्र मिळालं, की परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. तो हक्क आहे, मागायला लाजू नये.

तुमच्या घरात, शेजारी, अंगणवाडीत एखादं बाळ उजेडाला तोंड लपवत असेल, त्याच्या डोळ्यांत रंगच दिसत नसेल, बुबुळं ठरत नसतील, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि पोटाची सोनोग्राफी कधी करायची हे न विसरता विचारा. आणि त्या बाळाची आई कोपऱ्यात खाली मान घालून बसली असेल, तर आधी तिला सांगा की, बाई, तुझं काहीही चुकलेलं नाही.