भिंतीवरचा शिपाई

मी चिंचवडला राहतो. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मला जुन्या फोटोंचा नाद लागला आहे. आमच्या भागात कारखाने आले, जमिनींना भाव आले, आणि जुनी घरे एकामागून एक पडू लागली. घर पडते तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीही खाली उतरतात. त्यातल्या काही नव्या फ्लॅटमध्ये जातात, बाकीच्या भंगारात.

चाकणजवळच्या गावातला माझा एक मित्र असेच घर पाडायच्या आधी एक तसबीर घेऊन आला. फोटोत खाकी गणवेशातला, मिशा पिळलेला तरुण शिपाई होता. छातीवर दोन पदके. घरात दर पितृपक्षात या फोटोला हार घालत. मित्राच्या आईचे म्हणणे, "हे आमचे थोरले चुलत सासरे. पहिल्या लढाईत बसऱ्याकडं गेले, ते परत आलेच नाहीत." पुरावा म्हणून ट्रंकेतले एक चांदीचे पदकही त्यांनी पाठवले होते. मित्राची इच्छा एवढीच, की फोटोखाली थोरल्यांचे नाव घालून नवी चौकट करावी.

अशा वेळी आपण आधी नाव ठरवतो आणि मग फोटोत त्याच्या खुणा शोधतो. करायचे असते नेमके उलटे. आधी फोटो काय सांगतो ते पाहायचे, नाव सर्वांत शेवटी.

पहिला प्रश्न, फोटो उलटा तर छापलेला नाही? पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. इथे ती तशीच होती, म्हणजे फोटो सुलटा. पदके डाव्या छातीवर होती. स्वतःची पदके डावीकडे लावायची आणि मृत नातलगाची उजवीकडे, असा इंग्रजी लष्करातला संकेत. तेव्हा ही पदके बहुधा त्या शिपायाची स्वतःचीच.

दुसरा प्रश्न, पदके कोणती? इथे फितीच्या रंगछटेवर भिस्त ठेवू नये. त्या काळच्या बऱ्याच काचा आणि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. तांबडा काळपट दिसे आणि निळा पांढुरका. म्हणून पदकाचा आकार पाहावा. भिंगाखाली एका पदकावर पंख पसरलेली देवता स्पष्ट दिसली. हे पहिल्या महायुद्धाचे विजयपदक. ते जाहीरच झाले सप्टेंबर १९१९ मध्ये.

इथे मी थांबलो. युद्धात मेलेला माणूस युद्धानंतर निघालेले पदक लावून फोटो काढायला कसा बसेल?

तिसरा प्रश्न, पलटण कोणती? खांद्यावरच्या पितळी पट्टीवर ११० हा आकडा वाचता आला. ही ११० वी मराठा पलटण. १९२२ मध्ये फौजेची फेररचना झाली, मराठा पलटणींचे जुने आकडे गेले आणि ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे फोटो साधारण १९१९ ते १९२२ मधला.

मग ट्रंकेतले पदक हातात घेतले. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पदक घासून चकचकीत करू नका असे मी सर्वांना सांगतो ते यासाठीच. ती अक्षरे झिजतात. या पदकावर नाव थोरल्यांचे होते, पण पलटण ११७ वी. फोटोतला शिपाई ११० चा. पदक खरे, फोटोही खरा, पण माणसे दोन.

मित्राने आईला पुन्हा विचारले. त्या म्हणाल्या, "माझे सासरेही पलटणीत होते म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते." म्हणजे हा फोटो बहुधा परत आलेल्या धाकट्या भावाचा. बहुधा म्हणतो, कारण तो एखाद्या सोबत्याचाही असू शकेल. थोड्या वेळाने त्या माउलीने विचारले, "मग थोरल्यांचं काय उरलं?"

या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत येथे त्यांना तुर्की फौजेचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. कैदेतही पुष्कळ जण मेले. बसऱ्याच्या स्मारकात चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण साध्या भारतीय शिपायांची नावे तिथे कोरली गेली नाहीत. पलटणीखाली नुसता आकडा. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

दगडावर नसलेली नावे आयोगाच्या नोंदींत मात्र सापडू शकतात, आणि त्या इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. रोमन लिपीत मराठी नावे कशीही लिहिली गेली आहेत, म्हणून तीनचार तऱ्हेने शोधावे लागते. पदकावरचा नंबर आणि पलटण हाताशी असल्याने तासाभरात नोंद मिळाली. नाव, ११७ वी पलटण, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा पुणे, साल १९१६, स्मारक बसरा.

आता नव्या घरात दोन चौकटी आहेत. एकीत फोटो, त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे, "११० वी मराठा पलटण, १९१९ नंतर, बहुधा धाकटे बंधू." दुसरीत ती नोंद आणि चांदीचे पदक. चुकीचे नाव घातले असते तर परत आलेला भाऊ पुसला गेला असता, आणि न आलेल्याला दुसऱ्याचाच चेहरा मिळाला असता. यंदा हार दोन्ही चौकटींना घातले.

तुमच्याही घरी अशी तसबीर असेल. चौकट बदलण्याआधी मागचा पुठ्ठा पाहा, स्टुडिओचा शिक्का असल्यास टिपून घ्या, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून विचारा. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.