तिकिटालाच विचारा

१ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांताचा कमिशनर बार्टल फ्रिअर याने कराचीत टपाल तिकिटे सुरू केली. आशियातली ही पहिली चिकटवायची तिकिटे. हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. अर्ध्या आण्याचे हे गोल तिकीट, ‘सिंध डाक’, तीन तऱ्हांनी निघाले: पांढऱ्या कागदावर नुसता ठसा उठवलेले, निळे, आणि तांबड्या, ठिसूळ चकतीवरचे. यांतले आधीचे कोणते? स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश पेढीच्या कॅटलॉगात पांढरे आधी येते, मग निळे, आणि तांबडे शेवटी. दुसऱ्या अनेक पुस्तकांत तांबडे पहिले आहे. चकत्या वाटेत तडकू लागल्या म्हणून कागद आला, पांढऱ्यावर पांढरा ठसा दिव्याच्या उजेडात दिसेना म्हणून निळा रंग आला, अशी ती हकिगत.

हकिगत चांगली जुळते, आणि म्हणूनच मला ती जपून घ्यावीशी वाटते. एकामागून एक कारणे इतकी नीट बसली की पुराव्याची आठवणच राहत नाही. दुसरीकडे गिबन्सचा क्रम म्हणजे तारखेचा दावाच असतो असेही नाही. यादी करणाऱ्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि एकदा दिलेला क्रमांक सहसा बदलत नाहीत, कारण जगभरचे व्यापारी आणि संग्राहक त्याच क्रमांकाने व्यवहार करतात. हा वाद मिटवू शकतात ती तारखेचा शिक्का असलेली पत्रे. तांबड्या चकतीचे जितके जुने पत्र हाती येईल तितके त्या बाजूचे वजन वाढेल. कॅटलॉगचे पान कितीदा उलटले तरी ते वाढणार नाही.

तिकिटे जमवणाऱ्याला हा अनुभव रोजचा आहे. एका कॅटलॉगात परफोरेशन (कडेच्या दात्यांचे माप) ११, दुसऱ्यात १०¾. एकात गुलाबी, दुसऱ्यात किरमिजी. पहिला कॅटलॉग कोणता, यावरसुद्धा एकमत नाही. पॅरिसच्या आल्फ्रेद पोतिकेचे पुस्तक १८६१च्या डिसेंबरात निघाले आणि तो मान बहुतेक जण त्याला देतात. पण स्ट्रासबुर्गच्या ऑस्कर बर्जे-लेव्रोची यादी त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली होती. ती यादी म्हणजे कॅटलॉग की नाही, एवढाच प्रश्न आहे. तारखांवर कुणाचा वाद नाही. कॅटलॉगांमधली कितीतरी भांडणे अशीच निघतात. माहिती दोघांची खरी असते, फक्त दोघांनी वेगळे प्रश्न विचारलेले असतात. म्हणून विसंगती दिसली की मी पहिल्यांदा बघतो, भांडण वस्तुस्थितीचे आहे की मोजपट्टीचे.

मोजपट्टीचे सर्वांत मोठे भांडण दात्यांचे. १८६६मध्ये पॅरिसच्या डॉ. लग्रां या वैद्याने पद्धत बसवली: दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके येतात ते मोजायचे. आज सगळे जग हीच पद्धत वापरते. आधी वरची-खालची बाजू, मग उभी, म्हणून ‘१४ x १५’ असे लिहितात. इथपर्यंत एकवाक्यता आहे, पुढे आकडा किती बारीक सांगायचा यात फूट पडते. काही कॅटलॉग अर्ध्यापर्यंत सांगतात. जर्मन मिशेल पाव-पाव सांगतो. आता ११½ आणि ११¾ यांत फरक तो किती? ११½ मध्ये दोन भोकांच्या मध्यांतले अंतर १.७४ मिलिमीटर, ११¾ मध्ये १.७०. म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मे. तिकिटाची बाजूच जेमतेम दोन सेंटिमीटरची असेल, तर टोकाचा एक तुटका दाता सगळा हिशेब बिघडवतो. जोडी किंवा चारांचा ब्लॉक मिळाला तर लांबी दुप्पट होते आणि चूक निम्मी. एकट्या तिकिटावरून पावाचा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

त्यातून आणखी एक पेच आहे. भोके पाडणारी यंत्रे सेंटिमीटरच्या हिशेबाने बनलेलीच नव्हती. अमेरिकेतल्या यंत्रांचे मापन इंचात. रिचर्ड किउसालस या संग्राहकाने १९६०च्या दशकात हे ध्यानात आणून दिले आणि अंतर इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची पट्टी केली. मग दिसले की ज्याला सगळे ‘११’ म्हणत होते, त्यात दोन वेगळ्या यंत्रांची कामे आहेत. एकात भोकांमधले अंतर ७२ हजारांश इंच, दुसऱ्यात ७३. दोन सेंटिमीटरवर बसवून पाहा: पहिल्याचे उत्तर १०.९४, दुसऱ्याचे १०.७९. अर्ध्यापर्यंत मोजणारा दोन्हींना ११ म्हणेल. पावापर्यंत मोजणारा एकाला ११ आणि दुसऱ्याला १०¾ म्हणेल. खोटे कुणीच बोलत नाही, पण खरी बातमी, म्हणजे यंत्रे दोन होती ही, पहिल्याच्या हातून निसटते. बनावट दाते ओळखायला ही पट्टी फार उपयोगी पडते, कारण घरी भोके पाडणाऱ्याला ७२ आणि ७३ यांचा पत्ता नसतो.

आणि कागद? तो काही स्थिर पट्टी नव्हे. कागदाचे तंतू हवेतली ओल शोषून फुगतात ते मुख्यतः जाडीत, लांबीत फार थोडे. कागद यंत्रावर बनताना बहुतेक तंतू एकाच दिशेला पडतात, म्हणून ओल्या हवेत तो आडवा जास्त वाढतो, उभा कमी. ११½ दात्यांची बाजू शेकडा एकने जरी वाढली, तरी मोजणी ११.४ जवळ येते. कोकणात जुलैत मोजलेला आणि मार्चमध्ये मोजलेला आकडा तंतोतंत जुळावा ही अपेक्षाच चुकीची. पाकिटावरून पाण्यात सोडवलेले तिकीट टिपकागदात दाबून पुरते वाळवल्याशिवाय मी गेजवर, म्हणजे दाते मोजायच्या पट्टीवर, ठेवत नाही. तंतूंची दिशा पाहायची असेल, तर गोंद नसलेले तिकीट उघड्या तळहातावर ठेवावे. घामाची ओल एका बाजूने लागते आणि ते आपोआप वळू लागते. ज्या अक्षाभोवती वळते ती तंतूंची दिशा. दोन छपायांचा कागद एकच की वेगळा, याचा पहिला अंदाज इथूनच येतो.

कधी कधी मापच सगळे सांगून जाते. अमेरिकेच्या १९२०च्या दशकातल्या एक सेंट हिरव्या फ्रँकलिन तिकिटाचे उदाहरण घ्या. चित्र तेच, रंग तोच, परफोरेशन ११ तेच. पण एक सपाट प्लेटवर छापलेले, बाकीची गोल फिरणाऱ्या रोटरी यंत्रावर. सपाट प्लेट वाकवून सिलिंडरवर बसवली की तिच्यावरचे कोरीव चित्र वाकण्याच्या दिशेने ताणले जाते. स्कॉट कॅटलॉगात या रोटरी जातीचे दोन दुर्मिळ नमुने आहेत: एकाचे चित्र १९¾ x २२¼ मिलिमीटर, दुसऱ्याचे १९¼ x २२¾. एकात रुंदी ताणली आहे, दुसऱ्यात उंची. अर्ध्या मिलिमीटरने तिकिटाची किंमत कुठल्या कुठे जाते, आणि ज्या साध्या कॅटलॉगात मापे दिलेली नाहीत त्यात तिन्ही एकाच ओळीत बसतात.

रंगांचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे पट्टीच नाही. गिबन्सने दोनशे छटांची ‘कलर की’ काढली आहे, तरी मूळ नावे ज्यांनी दिली त्यांनी ती आपापल्या डोळ्यांनी, आपापल्या खिडकीच्या उजेडात दिलेली आहेत. वेगळ्या रसायनांनी बनलेले दोन लाल रंग उन्हात अगदी सारखे दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे पडतात. म्हणून शेड ठरवायची तर दिवसा, उत्तरेच्या खिडकीजवळ, आणि शेजारी खात्रीचे तिकीट ठेवून. एकट्या तिकिटाकडे पाहून नाव देऊ नये. शिवाय रंग बदलतातही. शिशाचे संयुग असलेल्या शाईला हवेतला हायड्रोजन सल्फाइड लागला की शिशाचे काळे सल्फाइड तयार होते. केशरी तिकीट तपकिरी, मग काळपट होते, आणि हौशी माणसाला वाटते नवी शेड सापडली. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने त्या काळ्या सल्फाइडचे पांढरे सल्फेट होते आणि रंग परततो. हे कुणी अनुभवाशिवाय किमती तिकिटावर करू नये.

आपल्याकडे शेंदूर आणि हिंगूळ दोन्ही पूजेच्या ताटातले. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. डोळ्याला फसवतील इतके जवळचे, पण क्ष-किरणांनी उजळवून पाहणाऱ्या यंत्राला (एक्सआरएफ) शिसे आणि पारा यांत क्षणभरही शंका येत नाही, आणि तिकिटाचा कणही खरवडावा लागत नाही. हे यंत्र घरी नसते. घरी असू शकतो तो अतिनील दिवा. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चकाकी आणणारी द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. एकोणिसाव्या शतकातले म्हणवणारे तिकीट दिव्याखाली निळसर-पांढरे लखलखले तर शंका घ्यावीच. मात्र आजच्या पांढऱ्याशुभ्र पाकिटाबरोबर किंवा कपड्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवलेले जुने तिकीटही असेच लखलखते.

भारताच्या १८५४च्या तिकिटांत हे सगळे प्रश्न एकत्र भेटतात. कलकत्त्याच्या सर्व्हे कार्यालयात कॅप्टन थुलिए याच्या देखरेखीखाली ती दगडावरून छापली. कागदात ईस्ट इंडिया कंपनीच्या मानचिन्हाचा वॉटरमार्क होता, पण एका शीटभर पसरलेला एकच. अर्ध्या आण्याच्या शीटमध्ये ९६ तिकिटे. मधल्या तिकिटावर चिन्हाचा एखादा तुकडा येतो, कडेच्या काही तिकिटांवर मागमूसही नसतो. ज्याला शीटची रचना ठाऊक नाही तो ‘वॉटरमार्क नाही’ अशी वेगळी जात पाहतो. याच अर्ध्या आण्याचे तांबडे रूप आधी छापले गेले होते. विलायतेहून आलेली शाई संपली, इथल्या शाईने दगड बिघडू लागले, आणि तांबडे बाजूला ठेवून निळे काढले. भिंगाखाली चौकटीतल्या कमानी मोजा: तांबड्यात साडेनऊ, निळ्यात आठ. तांबडे तिकीट छापले हे निश्चित, पोस्टात विक्रीला आले नाही हेही निश्चित. मग त्याला भारताचे पहिले तिकीट म्हणून क्रमांक द्यायचा की नुसती टीप? हा संपादकाच्या नियमाचा प्रश्न आहे, इतिहासाचा नाही.

तारखांचेही तसेच. पेनी ब्लॅक १ मे १८४० रोजी लंडनमध्ये विक्रीला आले, ६ मेपासून ग्राह्य होते, आणि २ मेचा शिक्का असलेली पत्रे आज जतन आहेत. कुणी कोणतीही तारीख छापली तरी ‘कशाची तारीख’ हे विचारल्याशिवाय ती चूक म्हणता येत नाही. किमतीच्या विसंगतीवर तर मी वेळच घालवत नाही. गिबन्सचा आकडा ही मुळात त्या पेढीची विक्रीची किंमत आहे, बाजारातला भाव नव्हे.

तीन कॅटलॉग एक सांगतात आणि चौथा वेगळे, म्हणून तिघे खरे, असा कौल मात्र लावू नये. पुष्कळदा तिघांनी एकाच जुन्या यादीवरून उतरवलेले असते. ते तीन साक्षीदार नसून एकाच साक्षीचे तीन नकलकार असतात. एखादा विचित्र आकडा किंवा चुकीचे स्पेलिंग तिघांतही सारखेच सापडले तर नक्कल पक्की. अशा वेळी मी जुन्या आवृत्त्या शोधतो आणि तो आकडा पहिल्यांदा कुठे उगवला ते पाहतो. आणि तज्ज्ञांचे निर्णयही फिरतात. स्वीडनचे १८५५चे तीन स्किलिंगचे तिकीट हिरव्याऐवजी पिवळे छापलेले, जगात एकच. १९७४मध्ये स्वीडनच्या टपाल संग्रहालयाने ते बनावट ठरवले, पुढच्या तपासणीत ते अस्सल ठरले.

म्हणून माझ्या अल्बममध्ये तिकिटाखाली नुसता क्रमांक नसतो. कॅटलॉगचे नाव, आवृत्तीचे वर्ष, मी स्वतः घेतलेले दात्यांचे माप दशांशात, चित्राची रुंदी-उंची, शेड कोणत्या उजेडात पाहिली आणि कोणत्या तिकिटाशी ताडून, अतिनील दिव्याखाली काय दिसले, इतके पेन्सिलीने लिहिलेले असते. दोन कॅटलॉगांचे पटले नाही तर दोन्ही नोंदी राहतात. जिथे माझे माप दोघांशीही जुळत नाही, तिथे तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे पट्टीसकट स्कॅन आणि शिक्का वाचता येत असेल तर त्याची तारीख जोडून संपादकांना लिहावे. कॅटलॉगवाले अशी पत्रे मागवतात आणि वाचतात. पत्रात मत कमी आणि मापे जास्त असावीत.