कान वाजतोय? श्वास लांबवा, रोखू नका

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. योगाच्या बळावर चौदाशे वर्षं जगलेला योगी अशी त्यांची ओळख परंपरेने महाराष्ट्रभर पोचवली. ज्ञानेश्वरांनी त्यांना उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्या आजही वाचल्या जातात. अशा गावात श्वासाच्या साधनेला मान असणार हे ओघानेच आलं, आणि तो असावाही. पण मानाच्या जोडीने काही गैरसमजही आले आहेत. 'कान वाजतोय' अशी तक्रार कुणी केली की 'प्राणायाम सुरू कर, महिन्यात आवाज बंद' हा सल्ला हमखास मिळतो. त्यात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं आहे. हे दोन्ही वेगळं करणं गरजेचं आहे, कारण चुकीच्या भागापायी लोकांचा वेळ जातो आणि क्वचित कानही जातो.

आधी तक्रार नीट पाहू. बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येतो. कुणाला रातकिड्यांची किरकिर, कुणाला कुकरची लांबलेली शिट्टी, कुणाला गुंई गुंई, तर कुणाला पाण्याच्या मोटारीची घरघर. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेतल्या कानाच्या रोगांमध्ये 'कर्णनाद' आहे, म्हणजे तक्रार मोबाइलच्या कितीतरी आधीची. 2022 साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला. त्यात प्रौढांपैकी साधारण 14 टक्के लोकांना हा अनुभव येत असल्याचं दिसलं. जगणं अवघड व्हावं इतका त्रास मात्र 2 टक्क्यांच्या आसपास लोकांना होतो. आवाज अनेकांना येतो, पण छळतो त्यातल्या थोड्यांना. श्वासाचा उपयोग नेमका कुठे होतो ते या फरकावरून कळतं.

'प्राणायामाने आवाज बंद होतो'

बंद होत नाही. निदान तसा भरवसा देता येईल असा पुरावा नाही.

कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर विजेच्या संदेशात बदलून मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. वय, मोठे आवाज, जंतुसंसर्ग, काही औषधं यांनी या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूला त्या पट्टीतले संदेश कमी पडू लागतात. कमी पडलेलं भरून काढण्यासाठी मेंदू आपली ऐकण्याची संवेदनशीलता वाढवतो आणि स्वतःच्याच चेतापेशींची हालचाल आवाज म्हणून ऐकू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत कानातला आवाज असा तयार होतो. म्हणून तो कानातून आल्यासारखा वाटला तरी त्याचा कारभार बराचसा मेंदूत चालतो. श्वासाने मेलेली पेशी जिवंत होत नाही.

मग श्वास काय करतो? 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना एकेक करून पूर्ण निःशब्द खोलीत बसवलं. पाच मिनिटांच्या आत त्यांतल्या 94 टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. म्हणजे असा आवाज निरोगी माणसाच्या डोक्यातही असू शकतो, फक्त मेंदू त्याची दखल घेत नाही. त्रास होणाऱ्या माणसाच्या मेंदूने त्या आवाजावर 'धोका' असा शिक्का मारलेला असतो. आवाज आला की छातीत धडधडतं, झोप उडते, चिडचिड होते. या ताणाने लक्ष पुन्हा आवाजाकडेच जातं आणि आवाज आणखी मोठा वाटतो. रात्री एक वाजता घर शांत झालं की हे चक्र सगळ्यात जोरात फिरतं.

हे चक्र सैल करायला संथ श्वास उपयोगी पडतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवला तर शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतातंतूचं काम वाढतं. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीला हा परिणाम चांगला दिसतो. 2001 साली इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणिपद्मे हूं' हा मंत्र, दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते, असं त्यात आढळलं. आपल्याकडे संथ लयीत नामस्मरण करणाऱ्या आजीचा श्वासही असाच लांबतो. तिला त्यासाठी वेगळा वर्ग लावावा लागत नाही.

संथ श्वासाने आवाजाची पट्टी बदलत नाही, पण त्याची भीती उतरते आणि झोप लागायला मदत होते. झोप झाली की दुसऱ्या दिवशी तोच आवाज कमी बोचतो. हा फायदा छोटा नाही. ज्याने महिनोन्महिने रात्री जागून काढल्या त्याला विचारा.

भ्रामरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कानातल्या आवाजासाठी सगळ्यात जास्त सुचवला जातो तो हाच प्राणायाम. 2010 साली भारतीय संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध करून 'स्वतःच निर्माण केलेल्या ध्वनीची चिकित्सा' म्हणून भ्रामरीचा विचार मांडला. ही कल्पना तर्काला धरून आहे. बाहेरून मंद आवाज ऐकवून कानातल्या आवाजाची धार कमी करणं हा उपचाराचा जुना भाग आहे, आणि भ्रामरीत तो आवाज आपल्याच घशातून येतो. शिवाय गुंजारव करायचा म्हणजे उच्छ्वास लांबणारच. पण श्वासाच्या व्यायामांवरचे आजवरचे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत. 'आराम पडू शकतो' इतकंच त्यांच्या आधारे म्हणता येतं.

करून पाहायची असेल तर अशी करा. पाठ सरळ, खांदे सैल, ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले. नाकाने सहज श्वास घ्या, छाती फुगवून नको. मग श्वास सोडताना घशातून 'म्' असा हळू, खालच्या पट्टीतला स्वर काढा. कंप ओठांवर, नाकाच्या हाडावर, टाळूवर जाणवतो. श्वास संपायच्या थोडा आधीच थांबा, शेवटचा थेंब पिळून काढू नका. दोन-तीन साधे श्वास घेऊन पुन्हा करा. पाच मिनिटं पुरेत. कानांवर अंगठे दाबायची पद्धत आहे, पण ज्यांचा कान वाजतो त्यांनी सुरुवातीला कान मोकळे ठेवावेत. कान बंद केले की आतला आवाज मोठा वाटतो आणि काहीजण तिथेच घाबरतात.

'ऑक्सिजन वाढतो, त्याने कानाची नस उघडते'

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विश्रांतीतही 95 टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावलेल्या यंत्रावर हाच आकडा दिसत होता. दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडायला जागाच नसते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास मांडला. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या प्रमाणात शोधू नये, अशीच त्यांची भूमिका होती. योगावर निस्सीम श्रद्धा असलेल्या माणसाने हे शंभर वर्षांपूर्वीच्या काळात तपासून पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा दावा नायट्रिक ऑक्साइडचा. 2002 साली स्टॉकहोममधल्या संशोधकांनी दाखवलं की नाकाने गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या तुलनेत 15 पटींनी वाढतो. हे खरं आहे. पण तो वायू सायनसच्या पोकळ्यांमधून बाहेर येतो. आतल्या कानाच्या पेशींवर त्याचा उपचार होतो असं त्या अभ्यासात कुठेही नाही. 'नस उघडते' ही पुढची जोड व्हिडिओवाल्यांची.

'जितका जोर, तितका गुण'

सगळ्यात धोक्याचा गैरसमज हाच आहे. वेगाने आणि जोरात श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कानातला आवाज वाढूही शकतो. 'आतलं निघतंय' असं समजून लोक नेटाने चालूच ठेवतात. ते थांबवायचं असतं. श्वास कोंडून दाब देणं, नाक दाबून कानात हवा फुंकणं, विशेषतः सर्दी असताना, हेही टाळा. नाकातले जंतू त्या दाबाने मधल्या कानात ढकलले जाऊ शकतात. ताब्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गरोदरपण, नुकतीच झालेली कानाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर कपालभाती, भस्त्रिका हे जोराचे प्रकार आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, बाजूलाच ठेवा. संथ, न कोंडलेला श्वास बहुतेकांना चालतो.

'हा अनाहत नाद आहे, भाग्य समजा'

पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधानात, म्हणजे आतल्या नादावर ध्यान लावताना, ऐकू येणाऱ्या आवाजांचं वर्णन आहे आणि नाथपंथीय साधनेत त्याला मोठं स्थान आहे. त्या साधनेबद्दल मला आदर आहे. पण तिथे साधक ठरवून बसतो, ठरवून ऐकतो. बाजारात, ट्रॅक्टरवर, जेवताना, एकाच कानात दिवसभर शिट्टी वाजते आणि जोडीला ऐकूही कमी येतं, तेव्हा तो कान तपासायला सांगत असतो. श्रद्धेपोटी तपासणी पुढे ढकलू नका.

तपासणीत पुष्कळदा साधंच कारण निघतं. कानात मळ घट्ट बसलेला असतो, मधल्या कानात पाणी असतं, नाहीतर चालू औषध कारण ठरतं. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, जेंटामायसिन आणि ॲमिकासिनची इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मलेरियावरचं क्विनाइन ही ठळक उदाहरणं. औषध मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि कानात कोमट गोडेतेल, लसणाचं तेल, काडी, सेफ्टी पिन यांतलं काहीही घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं.

काही लक्षणांत एक दिवसही घालवू नये. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडचा उपचार मिळणं फार महत्त्वाचं असतं. दोन आठवडे प्राणायाम करून बघू म्हणणाऱ्याची ती वेळ निघून जाते. एकाच कानात सतत आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा धडधड आवाज, जोडीला भोवळ, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, कानातून पू किंवा रक्त, यांपैकी काहीही असलं तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ. पुणतांबा राहाता तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यात लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मुंबई-पुणे गाठायची गरज सहसा पडत नाही.

'यावर इलाजच नाही, सवय करा'

आवाज पुसून टाकणारी गोळी नाही, हे बरोबर. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शनात जिंको, झिंक, मेलाटोनिनसारख्या पूरक गोळ्या या तक्रारीसाठी सुचवू नयेत असं म्हटलं आहे. पण इलाजच नाही असं नव्हे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही कामं होतात: ऐकूही येतं आणि आवाजाचा त्रासही कमी होतो. बाहेरचे आवाज पुरेसे पोचू लागले की आतला मागे पडतो. आपल्याकडे चष्मा अभिमानाने लावतात आणि श्रवणयंत्र लपवतात, याचं वाईट वाटतं. विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारी समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा पुरावा सगळ्यात पक्का आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात अशा 28 अभ्यासांवरून त्रास कमी होत असल्याचं दिसलं. संथ श्वास या पद्धतीच्या जोडीने छान चालतो. आवाजाने जीव नकोसा होत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पूर्ण शांततेत झोपण्याचा हट्ट मात्र सोडा. पंख्याची घरघर, हळू लावलेला रेडिओ, काहीतरी मंद चालू राहू द्या.

आणि उरलेला कान जपा. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास झेपतो असं धरतात. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पाव तास. वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढे पोरं तासन्‌तास नाचतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर लावून चालक अख्खा गळीत हंगाम काढतात. मळणी यंत्राजवळ दिवसभर उभं राहणाऱ्याच्या कानात साधे बोळेसुद्धा नसतात. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे अशा वेळी घाला.

डॉक्टरांकडे जाताना एवढं कागदावर लिहून न्या: आवाज कधी सुरू झाला, एका कानात की दोन्हीत, सतत की अधूनमधून, ठोक्याबरोबर येतो का, ऐकू कमी येतं का, चक्कर येते का, कुठली औषधं चालू आहेत, कामाच्या जागी आवाज किती असतो. घरी कुठला प्राणायाम करता, तेही सांगा आणि एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा.