सर्वोच्च मानधनाचा मानकरी कोण?

मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलडाण्याच्या प्रथमेश जवकारने जगातील अव्वल क्रमांकाचा कंपाऊंड तिरंदाज, नेदरलँड्सचा माईक श्लोसर याला १४९-१४८ असे अवघ्या एका गुणाने नमविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्या साथीने त्याने सांघिक सुवर्णपदकही पटकावले. हाच खेळाडू क्रिकेटमध्ये असता तर त्याला करारात कोणती श्रेणी मिळाली असती? प्रश्न चावडीवरचा वाटला तरी सर्वाधिक पैसा कोणाला आणि कशासाठी द्यावा, याचा विचार व्यावसायिक खेळांनी बराच केलेला आहे.

अमेरिकेच्या ‘एनबीए’ बास्केटबॉलमध्ये तर त्याचे गणितच ठरलेले आहे. १९९७ मध्ये केव्हिन गार्नेटने सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला आणि संघमालकांचे डोळे पांढरे झाले. त्यानंतरच्या टाळेबंदीमुळे १९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांवर आला आणि १९९९ च्या समझोत्यात एका खेळाडूच्या मानधनाला कमाल मर्यादा पडली. संघाच्या ठरलेल्या वेतनमर्यादेच्या २५ टक्के सहा वर्षांपर्यंतच्या खेळाडूला, ३० टक्के सात ते नऊ वर्षे खेळलेल्याला आणि ३५ टक्के दहा वर्षे पूर्ण केलेल्याला, अशी ही शिडी आहे. अतिविशेष कामगिरी करणाऱ्याला पुढची पायरी लवकर गाठता येते. एकाला ३५ टक्के दिले की उर्वरित संघ ६५ टक्क्यांत उभा करावा लागतो. म्हणूनच तेथे ‘हा मॅक्सच्या लायकीचा आहे का’ यावर वर्षभर काथ्याकूट चालतो.

आपल्याकडे क्रिकेट मंडळाने मार्च २०१८ मध्ये ‘अ अधिक’ श्रेणी निर्माण करून तिला वर्षाला सात कोटी रुपये ठरविले. तिन्ही प्रकारांत खेळणाऱ्यांसाठी ती असल्याचे मानले जाई. मात्र एप्रिल २०२५ च्या यादीत या श्रेणीत रोहित शर्मा, विराट कोहली, रवींद्र जडेजा आणि जसप्रीत बुमराह हे चौघे होते व त्यांपैकी पहिल्या तिघांनी जून २०२४ मध्येच आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यांतून निवृत्ती पत्करली होती. नाव मोठे झाले की निकष वाकतो, हे येथेही दिसले.

तिरंदाजाच्या वाट्याला असा करार येत नाही, त्याला मिळते ते बक्षीस. राज्य शासनाने २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेतील वैयक्तिक सुवर्णपदकासाठी एक कोटी रुपये जाहीर केले. रक्कम लहान नाही. परंतु बक्षीस हे झालेल्या कामगिरीचे असते, करार हा होऊ घातलेल्या कामगिरीवरचा विश्वास असतो. पदक मिळेपर्यंतची वर्षे, काही लाखांच्या घरातील धनुष्य, बाण, परदेशवाऱ्या यांचा भार बक्षीस उचलत नाही, कारण ते येते तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो. केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेत निवडलेल्या खेळाडूला दरमहा ५० हजार रुपयांचा भत्ता मिळतो. पण ती योजना मुळात ऑलिम्पिक डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आणि कंपाऊंड प्रकार तर ऑलिम्पिकमध्ये नव्हताच.

हे चित्र एप्रिल २०२५ मध्ये पालटले. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकसाठी कंपाऊंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेला मान्यता मिळाली. म्हणजे एका देशातून एक पुरुष आणि एक महिला. जागा इतक्या तुटपुंज्या असताना श्रेणी लावायचीच झाली, तर ती कशी लावावी?

महिलांत फारसा वाद संभवत नाही. हांगझोऊत तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या ज्योती सुरेखा वेन्नमने २०२५ मध्येही पदकांचा ओघ टिकवला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. तिच्या खात्यात अजून बरीच वर्षे शिल्लक आहेत. पुरुषांत मात्र पेच आहे. देवतळेने २०२३ मध्ये जागतिक आणि आशियाई, दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, जागतिक अंतिम फेरीत तर १५० पैकी १५० गुण घेतले. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजू येथे जागतिक सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे होते. देवतळे नव्हता आणि जवकारही नव्हता. यादवने तेथेच ज्योतीसह मिश्र दुहेरीचे रौप्यही मिळविले.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते आज सर्वोच्च श्रेणी ज्योती आणि यादव यांनाच द्यावी लागेल. बुलडाणेकरांना हे रुचणार नाही. जवकार आणि देवतळे यांना त्याखालची श्रेणी मिळावी. मात्र ती एका वर्षाची नव्हे, तर २०२८ पर्यंत हमी असलेली हवी. निवड चाचणीतील दोन-चार गुणांच्या फरकाने जो खेळाडू संघाबाहेर जातो, त्याचा सराव त्याच दिवशी थांबत नसतो.