ऐकिदोच्या शिबिराला जाताना

ऐकिदो ही मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी घडवलेली जपानी युद्धकला. तिच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नसतात. त्यामुळे बाहेरगावच्या ज्येष्ठ शिक्षकांचे शिबिर ही शिकणाऱ्यांसाठी मोठी पर्वणी. शिक्षक एका सहकाऱ्यावर तंत्र करून दाखवतात, बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी, आणि फारसे बोलत नाहीत. मग जोड्या जमतात. पांढरा पट्टा आणि काळा पट्टा एकाच मॅटवर; आळीपाळीने एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो वळवायचा.

पाहताना नजर हातांवर खिळते. खरे तर पाय पाहावेत. शिक्षक हल्ल्याच्या रेषेतून कधी आणि कुठे सरकले हे कळले, की हातांचे काम निम्म्याने हलके होते. ‘आमच्याकडे असे करत नाहीत’ हे मात्र मनातही आणू नये. वेगळी पद्धत अनुभवायलाच तर आपण तिथे जातो!

नवख्याने पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, आधी पक्का करावा. नखे कापलेली, गणवेश धुतलेला हवा. गुडघा किंवा मनगट दुखरे असेल तर जोडीदाराला सुरुवातीलाच सांगा. आणि कळ असह्य होण्याची वाट न पाहता मॅटवर थाप मारा. ती ऐकताच जोडीदाराने पकड सोडायची असते.