तलावाभोवती चाळीस किलोमीटर

सुट्टी लागली की मुलं सायकलवर लांब जायची परवानगी मागतात आणि घरात दोन तट पडतात. अब्बांना कौतुक, अम्मीला काळजी. यावर साधा तोडगा म्हणजे सगळ्यांनी मिळून जाणं. त्यासाठी अकोले तालुक्यातल्या भंडारदरा जलाशयाभोवतीची फेरी उत्तम आहे. ती दमवते, पण नीट आखली तर घरच्यांना झेपते.

प्रवरा नदीवरचं इथलं दगडी विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. धरणाजवळचं शेंडी हे सुरुवातीचं गाव. तिथून पाणी डाव्या हाताला ठेवून निघायचं: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, पुढे साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. अंतर सुमारे 40 ते 45 किलोमीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण रस्ता सपाट असा फार वेळ राहत नाही. चढ संपतो न संपतो तोच उतार, आणि उताराच्या पायथ्याशी पुन्हा चढ. मध्येच उखडलेलं डांबर आणि खडी लागते. जाड टायरची, गिअरची सायकल इथेच कामाला येते.

चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. जोर लावून पेडल मारताना गिअर बदलला की चेन उतरते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. खडीवर नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सायकल घसरते. हेल्मेट प्रत्येकाला हवंच. मुलींना त्याखाली पातळ सुती स्कार्फ सोयीचा पडतो. ओढणी खोचून घ्यावी आणि सलवारीचा पायचा रबराने बांधावा, म्हणजे चेनमध्ये अडकत नाही. पंप, जास्तीची ट्यूब आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवावं.

घाटघर म्हणजे साधारण निम्मी फेरी. इथल्या कोकणकड्यावरून सह्याद्री एकदम तुटून खाली कोकण दिसतं. इथल्या वीज प्रकल्पाचे दोन तलाव आहेत, एक वर आणि एक खाली. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज करतात. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. मुलांना हे तिथेच समजावून सांगावं.

पण घाटघरचं मुख्य काम वेगळं. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे इथेच ठरवायचं. साम्रदनंतर रस्ता जंगलातून जातो आणि मधूनच परतायचं म्हटलं तरी अंतर कमी होत नाही. फजरनंतर लवकर निघून अकराच्या आत इथे पोहोचलात, निम्मं पाणी शिल्लक असेल आणि सगळ्यांत मागे राहणारा अजून हसतखेळत असेल, तर पुढे जा. यातलं एकही नसेल तर आल्या वाटेने परता. तो रस्ता निदान ओळखीचा असतो. निर्णय मागच्याला विचारून घ्यावा. पुढे पळणारा नेहमी 'चला' असंच म्हणतो.

दिवसभर शेजारी तलाव दिसतो, तरी प्यायचं पाणी आपलं आपण न्यावं. या धरणाचं पाणी कालव्यांनी खालच्या शेतीला जातं. वरच्या आदिवासी वाड्यांना मात्र उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते. त्यांच्या हंड्यावर आपली बाटली भरायची वेळ आणू नये. आधी सांगून ठेवलं तर गावात घरगुती पिठलं-भाकरी मिळते. तिचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. कचरा बरोबर परत आणावा, कारण इथलं बरंचसं रान अभयारण्याचं आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टचा धुवाधार पाऊस आणि धुकं सायकलसाठी नाही. काजवे पाहायला मे-जूनमध्ये रात्री गाड्यांची रांग लागते, तेव्हाही टाळावं.

शेवटची गोष्ट रांगेची. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा आणि सर्वांत तगड्याला मागे. वेग कमी होतो, पण कुणी एकटं पडत नाही. थोरल्या मुलाला मागे राहायला सांगून पाहा. धाकट्या बहिणीसाठी थांबायला तो त्या चाळीस किलोमीटरमध्ये शिकेल.