विश्लेषण : पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावताय? तयारीतली घाई का नडते?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याची हिल मॅरेथॉन, डिसेंबरमध्ये पुणे आणि जानेवारीत मुंबई. राज्यातील धावण्याचा हंगाम आता जवळपास सहा महिन्यांचा झाला आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून सुरू आहे. या शर्यतींत पदकासाठी धावणारे मोजकेच. बाकी सगळे हौशी, आणि त्यांतील अनेक जण आयुष्यात पहिल्यांदाच शर्यतीच्या रेषेवर उभे राहणारे. नोंदणी करायला पाच मिनिटे पुरतात. शरीर तयार व्हायला मात्र काही महिने लागतात. हे गणित चुकले की गुडघा, नडगी किंवा टाच धरून बसण्याची वेळ येते. पहिल्या शर्यतीची तयारी नेमकी कशी करावी आणि कुठे सांभाळावे, याविषयी...

पहिली शर्यत कोणती निवडावी?

बोलण्यात आपण प्रत्येक शर्यतीला ‘मॅरेथॉन’ म्हणतो. प्रत्यक्षात मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन म्हणजे त्याच्या निम्मे, सुमारे २१.१ किलोमीटर. ५ आणि १० किलोमीटरच्या शर्यती वेगळ्या. ज्यांनी शाळा सुटल्यापासून धावणेच केलेले नाही, त्यांच्यासाठी ५ किंवा १० किलोमीटर ही योग्य सुरुवात. शून्यापासून १० किलोमीटरपर्यंत जायला साधारण तीन ते चार महिने, तर अर्धमॅरेथॉनपर्यंत जायला पाच ते सहा महिने हाताशी असावेत. सध्या आठ-दहा किलोमीटर न थांबता आरामात धावणाऱ्यांना अर्धमॅरेथॉनसाठी १२ ते १४ आठवडे पुरतात.

अंतराइतकाच मार्गही पाहावा. साताऱ्याच्या शर्यतीत पहिला निम्मा टप्पा यवतेश्वर घाटाच्या चढाचा आणि उरलेला उताराचा असतो. मुंबईत समुद्रकिनारी दमट हवा असते आणि पेडर रोडचा चढही लागतो. सपाट रस्त्यावरच्या २१ किलोमीटरचा हिशेब घाटात चालत नाही. नोंदणी करताना शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदतही वाचावी, कारण ती संपली की रस्ता वाहतुकीसाठी खुला केला जातो.

दम वाढतो, तरीही दुखापत का होते?

नवख्या धावपटूची फसगत इथेच होते. नियमित धावायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांतच फरक जाणवतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते, पूर्वीइतकी धाप लागत नाही. ‘आता जमतंय’ असे वाटून अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवले जातात.

पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे इतक्या लवकर बदलत नाहीत. त्यांना काही महिने लागतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. या मधल्या काळात हाड काहीसे कमकुवत असते. नेमक्या त्याच आठवड्यांत भार वाढवला तर नडगीत किंवा पावलाच्या हाडात सूक्ष्म तडा जाऊ शकतो.

भार किती, हेही पाहावे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. किलोमीटरला सात मिनिटे या संथ गतीने धावणारा माणूस एका किलोमीटरमध्ये हजारावर पावले टाकतो. म्हणजे २१ किलोमीटरमध्ये वीस हजारांहून अधिक. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या शरीरासाठी हा मोठा बदल आहे.

‘१० टक्क्यांचा नियम’ कितपत खरा?

आठवड्याचे एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा सल्ला धावणाऱ्यांच्या प्रत्येक गटात ऐकायला मिळतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासण्यात आला. एका गटाने १३ आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवले, दुसऱ्याने ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम पाळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत साधारण पाचपैकी एकाला दुखापत झाली. फरक जवळजवळ नव्हताच.

मग नियम सोडून द्यायचा का? तसे नाही. २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बेरजेऐवजी एकेका दिवसाच्या धावेकडे पाहिले गेले. मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त अंतर धावले की दुखापतीचा धोका वाढत होता. अंतर दुपटीहून जास्त झाले, तर धोकाही दुपटीवर जात होता.

याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. आठवडाभर कामात अडकून रविवारी ‘भरून काढण्यासाठी’ एकदम लांब धावणे, हीच खरी धोक्याची सवय. मित्र १५ किलोमीटर धावणार आहेत म्हणून कालपर्यंत आठ धावणाऱ्याने त्यांच्यासोबत निघू नये.

आठवड्याचे वेळापत्रक कसे असावे?

अगदी नवख्यांसाठी ‘काउच टू ५के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यावर ६० सेकंद धावायचे, ९० सेकंद चालायचे, असे २० मिनिटे. पुढे चालणे कमी आणि धावणे जास्त होत जाते. चालणे म्हणजे हार नव्हे. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी ‘थोडे धावा, थोडे चाला’ ही पद्धत रूढ केली आणि तिच्या जोरावर असंख्य हौशींनी पूर्ण मॅरेथॉनही पार केली आहे.

अर्धमॅरेथॉनसाठी आठवड्यातून तीन किंवा चार दिवस धावणे पुरेसे. त्यातील बहुतेक धाव इतक्या संथ वेगाने असावी, की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता याव्यात. शब्द तुटू लागले की वेग जास्त झाला. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस उठाबशा, पोटऱ्यांचे व्यायाम, प्लँक अशा ताकदीच्या व्यायामांना द्यावेत. एक दिवस पूर्ण विश्रांती.

१० किलोमीटर धावता येणाऱ्याची रविवारची लांब धाव पुढीलप्रमाणे वाढवता येईल : १०, ११, १२, मग उतरून ९, नंतर १३, १४, १५, पुन्हा उतरून ११, मग १६, १७ आणि १८ किलोमीटर. यात कोणतीही उडी १० टक्क्यांच्या पुढे जात नाही. शर्यतीआधीच्या रविवारी जेमतेम दहा किलोमीटर धावावे आणि शेवटच्या आठवड्यात एकूण धावणे निम्म्यावर आणावे. १८ वरून २१ ही शर्यतीच्या दिवशीची उडी मोठीच असते. म्हणूनच त्याआधी पाय ताजे असावे लागतात. राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढता येत नाही, थकवा मात्र साठतो.

वैद्यकीय तपासणी कोणी करावी?

शर्यतीत कोसळून मृत्यू झाल्याची बातमी आली की धावण्याविषयीच भीती पसरते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजार धावपटूंमागे एक. त्यातील ४२ जण दगावले. अर्धमॅरेथॉनपेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये प्रमाण अधिक होते. जे वाचले, त्यांच्या बाबतीत आजूबाजूच्यांनी तातडीने छाती दाबून दिलेला प्रथमोपचार निर्णायक ठरला.

धोका कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याच्यासाठी तो जिवाचाच असतो. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झालेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. धावताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक धडधड यांपैकी काहीही झाले तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

महिलांनी हिमोग्लोबिन जरूर तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. सराव करूनही दम वाढत नसेल, तर दोष जिद्दीचा नसून लोहाच्या कमतरतेचा असू शकतो.

पाणी किती प्यावे?

‘तहान लागण्याआधीच प्या’ हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. कमी पाण्याने त्रास होतोच, पण गरजेपेक्षा जास्त पाणीही घातक ठरते. रक्तातील सोडियम पातळ होते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वाटणे इथपासून बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण जास्त होते. म्हणजे हा धोका पुढे पळणाऱ्यांपेक्षा मागून सावकाश येणाऱ्यांना, प्रत्येक टेबलावर थांबून पिणाऱ्यांना अधिक.

त्यामुळे तहानेनुसार, घोट-घोट प्यावे. तासाभराहून लांब धावेत मीठ-साखर असलेले पेय मध्ये घ्यावे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहिले, तर आपल्याला किती घाम येतो याचा अंदाज येतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून तिथे वेगच कमी ठेवावा. उष्ण हवेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात.

बूट आणि खाण्याचे काय?

महागडे, कार्बनची पट्टी असलेले बूट नवख्यांना लागत नाहीत. पायात आरामदायी आणि अंगठ्यापुढे थोडी जागा असलेले बूट पुरेत. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा मापाला जावे. सुती मोजे घामाने भिजून फोड आणतात. काखेत, मांड्यांना आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलीन लावावे.

शर्यतीच्या आधी दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा, पोहे असे नेहमीचे पिष्टमय पदार्थ थोडे वाढवावेत. तिखट, तळलेले आणि खूप तंतुमय पदार्थ टाळावेत. शर्यतीच्या सकाळी केळे, खजूर किंवा ब्रेड-जॅम चालेल, पण ते आधी एखाद्या रविवारी पोटाला चालवून पाहिलेले असावे. बूट, टी-शर्ट, एनर्जी जेल यांपैकी काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये. नोंदणीसोबत मिळालेला नवा टी-शर्टही नाही.

शर्यतीच्या दिवशी कोणती चूक टाळावी?

एकच, पण जवळपास सगळे करतात ती : पहिले तीन किलोमीटर जोरात पळणे. ढोल, गर्दी, टाळ्या यांनी पाय आपोआप उचलले जातात. त्याची किंमत पंधराव्या किलोमीटरनंतर मोजावी लागते. सुरुवातीचा वेग सरावातील वेगापेक्षा थोडा कमीच ठेवावा. सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायला उशीर झाला तरी घाबरू नये. छातीवरील क्रमांकात बसवलेली चिप तुम्ही रेषा ओलांडल्यापासूनची वेळ मोजते. त्या क्रमांकाच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर न विसरता लिहावा.

दुखणे अंगावर येऊ नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची सवय अनेकांना असते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयब्रुफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. ती घेऊ नये.

न धावण्याचा निर्णय केव्हा घ्यावा?

दोन्ही पायांचे स्नायू सारखेच ठणकत असतील आणि दोन दिवसांत उतरत असतील, तर ती सरावाची नेहमीची खूण. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागेची वेदना, धावताना वाढणारी, रात्रीही ठसठसणारी वेदना, लंगडत चालायला लावणारी वेदना या मात्र थांबण्याच्या खुणा आहेत. ताप असेल, किंवा डेंग्यू, फ्लू यांतून नुकतेच उठला असाल, तर शर्यत सोडावी. तापात धावल्यास हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो.

पैसे भरलेले असतात, समाजमाध्यमांवर जाहीर झालेले असते, कार्यालयातील सहकारी विचारत असतात. त्यामुळे माघार घेणे नवख्याला सर्वांत अवघड जाते. पण सूक्ष्म तडा गेलेल्या हाडाला भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तशा पायाने रेटून धावले तर कित्येक महिने घरी बसावे लागू शकते. शर्यत पुढच्या वर्षीही त्याच रस्त्यावर असते. तिथे पोहोचण्यासाठी या वर्षी पाय शाबूत राहायला हवेत.